रिकाम्या पुंगळीचा इतिहास

बंदुकीच्या परिभाषेतले मराठी शब्द एका ओळीत मांडले तर त्यांतून एक छोटासा इतिहासच उभा राहतो. 'बंदूक' आणि 'दारू' हे शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवले. 'रायफल', 'रिव्हॉल्व्हर' आणि 'केप' इंग्रजांच्या पलटणींबरोबर आले. ह्या परक्या मंडळींत घरचे म्हणावेत असे शब्द मोजकेच, 'गोळी', 'ठासणी' आणि 'पुंगळी'. त्यांपैकी गोळीला आणि ठासणीला काही तरी काम आहे. पुंगळी मात्र नुसती पोकळ नळी. कागदाची सुरळी केली की तिलाही आपण पुंगळी म्हणतो. आत काही नसणे हेच जिचे लक्षण, अशा वस्तूचे नाव आपण बार उडाल्यावर मागे उरणाऱ्या पितळेच्या कवचाला दिले. वर्तमानपत्रांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असे वाक्य येते आणि वाचकापुरती पुंगळीची गोष्ट तिथे संपते.

आमच्या मते ती तिथे सुरू होते. काडतुसाचे चार घटक असतात : शिशाची किंवा शिशावर तांब्याचे आवरण असलेली गोळी, दारू, ठिणगी पाडणारी केप आणि ह्या तिघांना एकत्र धरणारी पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, केप चेपून निकामी होते. उरते ती एकटी पुंगळी. तिच्यात नवी केप बसवून, दारू भरून, वर नवी गोळी बसवली की पुन्हा काडतूस तयार होते. काडतुसाच्या किमतीतला मोठा भाग पुंगळीचाच असल्यामुळे हा मोह जितका जुना तितकाच समजण्यासारखा आहे. पण एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा वापरणे सुरक्षित केव्हा, आणि केव्हा नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या दीडशे वर्षांत धातुशास्त्र, रसायनशास्त्र, युद्धशास्त्र आणि कायदा ह्या चौघांनाही कामाला लागावे लागले. त्या शोधातला एक महत्त्वाचा अध्याय हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने लिहिला, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. बिद्रीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावी राहून आम्हाला ह्या विषयाची गोडी लागली, त्याचे एक कारण असे की इथे टाकाऊ म्हणून काही नसते. उसाचा रस काढल्यावर उरणारे चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळण म्हणून जाते, मळी वेगळ्या कामाला येते. पुनर्वापर हा इथला सहजधर्म आहे. मात्र पुंगळीचा पुनर्वापर त्या जातीचा नव्हे.

आधी पुंगळी नव्हती तेव्हाची गोष्ट. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पायदळातले शिपाई उठले. त्या वर्षी उत्तरेत ज्या काडतुसांवरून वणवा पेटला ती काडतुसे कागदाची होती. १८५३ सालच्या एनफील्ड रायफलीसाठी कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी बांधलेली असे. गोळीकडच्या टोकाला चरबी लावलेली असे. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. ती चरबी कशाची ह्या प्रश्नावर एक साम्राज्य हादरले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. आम्हाला इथे एवढेच नोंदवायचे आहे, की त्या काडतुसातून मागे काहीच उरत नसे. कागद गोळीबरोबर नळीत जाई, नाही तर फाटून जमिनीवर पडे. पुन्हा भरावी अशी वस्तूच नव्हती. म्हणून मोजावी, जमा करावी, तपासावी अशीही वस्तू नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत हे चित्र पालटले. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने मागून भरायची स्नायडर-एनफील्ड स्वीकारली. तिच्यासाठी एडवर्ड बॉक्सर ह्या अधिकाऱ्याने पितळी पत्र्याची गुंडाळी करून काडतूस बनवले. मागून भरायच्या बंदुकीत मोठी अडचण असते ती वायूची. दारू जळून तयार होणारा प्रचंड दाबाचा वायू मागच्या फटीतून निसटला तर तो थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. पितळेने ही अडचण सोडवली. दाब आला की पुंगळीच्या पातळ भिंती फुगतात आणि नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटून फट बुजवतात. दाब ओसरला की त्या किंचित आक्रसतात, त्यामुळे पुंगळी सहज बाहेर ओढता येते. फुगणे आणि परत येणे, दोन्ही क्षणार्धात व्हावे लागते. फार मऊ धातू फुगेल पण परत येणार नाही, फार कडक धातू फुगण्याऐवजी फाटेल. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त ह्या प्रमाणातले पितळ हा तोल सांभाळते. म्हणून आजही त्या प्रमाणाच्या पितळेला जगभर 'काडतुसी पितळ' ह्याच अर्थाचे नाव आहे.

बॉक्सरचे गुंडाळलेल्या पत्र्याचे काडतूस फार टिकले नाही. सुदानमध्ये जानेवारी १८८५ च्या अबू क्लीच्या लढाईत त्याच बनावटीच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांची काडतुसे खोबणीत अडकली. त्यानंतर अखंड पितळेतून ओढून काढलेली पुंगळी रूढ झाली. पितळेची चकती ठोकून आधी वाटी करायची, मग ती वाटी एकामागून एक साच्यांतून दाबत लांबट करत न्यायची. हिंदुस्थानातही ह्या कामाचे कारखाने होते. कलकत्त्याजवळ डमडमचा १८४६ पासून आणि पुण्याजवळ खडकीचा १८६९ पासून. खडकीत बनलेल्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही रोमन अक्षरे, म्हणजे 'किरकी फॅक्टरी', ठोकलेली असत. गावाचे नाव इंग्रजांनी बिघडवले आणि पितळेने ते जपले. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीत गेले आहेत.

आता पितळेच्या स्वभावाकडे वळू. आपल्याकडे हा स्वभाव सर्वांत जवळून जाणतो तो तांबट. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे मठारताना कारागीर ठराविक ठोके घालतो आणि मग थांबतो. ठोक्यांनी धातू कडक होत जातो आणि तसाच ठोकत राहिले तर तो चिरतो. म्हणून भांडे पुन्हा भट्टीत लाल करायचे, नरम करायचे आणि मग पुढचे ठोके घालायचे. आमच्या जिल्ह्यातल्या हुपरीचा चांदी कारागीर जंत्रीतून तार ओढतो तेव्हा त्यालाही हाच नियम पाळावा लागतो. तांबे, चांदी, पितळ ह्या धातूंना प्रत्येक ठोका लक्षात राहतो असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरणार नाही. ठोक्यागणिक धातूच्या आतल्या स्फटिकांची रचना विस्कटते, त्यांना एकमेकांवरून सरकणे अवघड होत जाते आणि हा बदल धातूत साठून राहतो. उष्णता दिली की स्फटिक नव्याने जुळतात आणि धातू पूर्ववत नरम होतो.

पुंगळी घडवताना कारखान्यात हेच करतात. साच्यातून एकदा ओढली की भट्टी, पुन्हा ओढली की पुन्हा भट्टी. शेवटी मात्र एक युक्ती असते. पुंगळीचे बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि तोंड नरम. बुडाला केप धरायची असते आणि मागे कसलाही आधार नसलेल्या जागी दाब सोसायचा असतो, तोंडाला गोळी धरायची आणि झटकन फुगायचे असते. एवढ्याशा नळीत दोन टोकांचे दोन स्वभाव असतात. पुनर्वापर करू पाहणाऱ्याने पहिली गोष्ट ओळखायची ती ही. तांबटाची विद्या इथे अर्धीच लागू पडते. कडक झालेले तोंड तापवून नरम करता येते, पण अख्खी पुंगळी तापली आणि बूड नरम पडले तर ती पुंगळी वरून निर्दोष दिसूनही प्राणघातक ठरते. पिस्तुलाची पुंगळी जेमतेम इंचभर लांब. तोंडाला दिलेली आच बुडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून आखूड सरळ पुंगळ्या सहसा तापवतच नाहीत, तोंडाला चीर गेली की टाकून देतात. आगीत सापडलेली किंवा भंगारात जळून आलेली पुंगळी कधीही पुन्हा भरू नये, ह्या नियमाचे कारणही हेच.

पावसाळ्याचा अध्याय इथे येतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावण्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. पावसाळ्यात कोठारात ठेवलेली नवी कोरी, एकदाही न उडवलेली काडतुसे हंगाम संपल्यावर पाहावीत तर पुंगळ्यांना उभे तडे गेलेले. कोणी हात लावलेला नाही, ठोकलेले नाही, तरी तडे. ऋतूबरोबर येणारे म्हणून इंग्रजीत ह्या प्रकाराला 'हंगामी तडे' अशा अर्थाचे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. ही काडतुसे पावसाळ्यात पुष्कळदा घोड्यांच्या पागांजवळ ठेवली जात असे सांगितले जाते. ह्याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघा संशोधकांनी दाखवून दिले, की तड्यांसाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, पितळ ओढताना त्यात दडून राहिलेला ताण, आणि दोन, हवेतला अमोनिया. घोड्यांच्या मुताने आणि लिदीने पागेत अमोनिया सुटतो, पावसाळी दमट हवा त्याला पितळेपर्यंत पोचवते आणि मुळात ताणलेल्या धातूत तो स्फटिकांच्या सांध्यांतून वाट काढतो. ह्यावर उपाय साधा निघाला. पुंगळी तयार झाल्यावर तिला मंद आच द्यायची, कडकपणा न घालवता आतला ताण तेवढा काढून टाकायचा.

सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा ताण आणि तितकाच अदृश्य वायू ह्यांच्या संयोगाने धातू आपोआप फाटतो, हा विचार पुढे धातुशास्त्रात फार दूरवर गेला. आपल्या विषयापुरता त्याचा धडा अगदी घरगुती आहे. पुंगळी साफ करायला अमोनिया असलेले पॉलिश कधीही वापरू नये. बाजारात पितळ चकाकवणारी जी द्रवरूप पॉलिश मिळतात त्यांतल्या काहींत अमोनिया असतो. शोभेच्या समईला त्याने फारसे बिघडत नाही, कारण समईला हजारो पौंडांचा दाब सोसायचा नसतो. बारामागून बार सोसलेल्या पुंगळीत ताण पुन्हा साठलेला असतो. तिला अमोनिया लावणे म्हणजे घरच्या घरी पागेतला पावसाळा उभा करणे. चिंचेसारखे सौम्य आम्ल मळ काढते, पण तेही फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त ओढून घेते आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उमटतात. भांडे घासणाऱ्या गृहिणीला तो डाग फक्त कुरूप दिसेल. पुंगळीवर तोच डाग धातू दुबळा होत चालल्याची खूण असतो.

दुसरा अदृश्य शत्रू पारा. केपमध्ये ठोका बसताच भडकणारे जे मिश्रण असे, त्यात एकोणिसाव्या शतकात पाऱ्याचे एक संयुग वापरीत. सोन्याला पारा लागला की काय होते हे सोनाराला सांगावे लागत नाही. पितळेलाही पारा तसाच भिनतो आणि त्याला ठिसूळ करतो. जुन्या काळ्या दारूच्या काळात हे फारसे लक्षात आले नाही, कारण जळाल्यावर त्या दारूची भरपूर काजळी मागे उरे आणि पारा तिच्यात अडकून धुतला जाई. धूर न करणारी नवी दारू आली, काजळी नाहीशी झाली आणि पारा सरळ पितळेत शिरू लागला. स्वच्छ दिसणारी पुंगळी मळक्या पुंगळीपेक्षा धोकादायक ठरली. अमेरिकेच्या सैन्याने १८९८ च्या सुमारास पाऱ्याच्या केपा सोडल्या. ब्रिटिश बनावटीच्या काडतुसांत त्या पुढेही दीर्घकाळ येत राहिल्या. म्हणून जुन्या पेटीत सापडलेली त्या काळची पितळी पुंगळी संग्रहात शोभते, बंदुकीत नव्हे.

पुंगळी पुन्हा भरता येईल की नाही हे आणखी एका बारीक गोष्टीवर ठरते आणि त्यात इतिहासाने केलेली गंमत आहे. केपची ठिणगी दारूपर्यंत पोचायला बुडात छिद्र लागते. इंग्रज बॉक्सरच्या रचनेत मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकन हायरम बर्डनच्या रचनेत दोन बारीक छिद्रे असतात, मध्यापासून बाजूला. मधोमध छिद्र असेल तर आतून सळई घालून जुनी केप ढकलून काढता येते. बर्डनच्या पुंगळीत ती सळई मधल्या भागावर आपटून मोडते. पुढे झाले असे, की इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची रचना युरोपने. ब्रिटिश .३०३ च्या लष्करी काडतुसांत बर्डनची पद्धत होती. अमेरिकेत नागरिकांमध्ये पुंगळ्या घरी भरण्याचा छंद फोफावला आणि इकडे तो कधीच रुजला नाही, ह्यामागे कायद्याइतकाच ह्या दोन छिद्रांचाही हात आहे. तिकडे १८८० च्या दशकात सैनिकी ठाण्यांमध्ये सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरीत असत. गोळीबाराच्या सरावाला दारूगोळा कमी पडू नये, एवढाच त्यात हेतू होता.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर ह्यांच्या पुंगळ्यांचे आयुष्य रायफलीच्या पुंगळीपेक्षा जास्त असते. ह्याचे कारण आकड्यांत स्पष्ट दिसते. .३०८ ह्या परिचित रायफल काडतुसात दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. ९ मिलिमीटर पिस्तुलात ही मर्यादा ३५,००० पौंड, .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरमध्ये १७,००० आणि .३२ लाँगमध्ये १५,०००. दाब कमी म्हणून ताणही कमी, आणि पुंगळी सरळ असल्याने धातू मानेकडे वाहत जात नाही. तरीही ती अमर नसते. दर वेळी नवी गोळी बसवण्याआधी तिचे तोंड किंचित रुंदावावे लागते आणि मग पुन्हा आवळावे लागते. ह्या उघडझापीने तोंड कडक होऊन त्याला चीर जाते. केपची जागा सैल पडते आणि मग वायू मागून निसटतो. काही पिस्तुलांत बुडाजवळ आधार कमी असतो, तिथे पुंगळीला फुगवटा येतो. अनुभवी माणसे मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवतात. चीर गेलेलीचा आवाज बद्द येतो. बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून पाहणारी आजी ह्याहून वेगळे काही करत नव्हती.

मात्र पुंगळी निर्दोष असूनही अपघात होऊ शकतो आणि त्याचेही मूळ इतिहासात आहे. .३८ स्पेशलचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी आखले गेले. काळी दारू भरपूर लागे, म्हणून पुंगळीत जागा मोठी. नव्या दारूचे प्रमाण फार थोडे, तळाशी राहील एवढेच. त्यामुळे चुकून तीच पुंगळी दोनदा भरली तरी दारू बाहेर सांडत नाही आणि चूक नजरेला येत नाही. दुसरीकडे, आवळलेले तोंड सैल असेल तर पिस्तुलात काडतूस वर सरकताना गोळी आत दबते, दारूची जागा आक्रसते आणि दाब एकदम वाढतो. केपच्या मिश्रणात पुढे शिशाचे संयुग आले, त्यामुळे वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळही विषारी असते. हे सगळे ज्या देशांत रीतसर परवानगीने चालते, तिथे अचूक तराजू, छापील प्रमाणकोष्टके आणि प्रत्येक पुंगळी कितव्यांदा भरली ह्याची वही, ह्या तीन गोष्टींशिवाय कोणी कामाला बसू नये असा शिरस्ता आहे. त्यांपैकी वही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुंगळीचे चरित्र माहीत नसेल तर ती कितीही चकाकत असो, ती अनोळखीच.

कोल्हापूरच्या वाचकाला इथे आपले नेमबाज आठवले असतील. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ऑलिंपिक कांस्य आणले. ह्या तिघांच्याही प्रकारांत .२२ ची काडतुसे लागतात आणि ती पुन्हा भरता येत नाहीत. त्यांत वेगळी केपच नसते. भडकणारे मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळीत असते आणि घोड्याचा ठोका ती कडच चेपून टाकतो. चेपलेली कड सरळ होत नाही. एका पदकामागे अशा हजारो पुंगळ्या भंगारात गेलेल्या असतात. जसपाल राणाने २००६ मध्ये दोहाला ज्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली, त्या प्रकारातल्या पुंगळ्या मात्र तत्त्वतः पुन्हा भरता येण्याजोग्या असतात.

तत्त्वतः म्हणायचे कारण कायदा. पुंगळी पुन्हा भरता येते हे जसे काटकसरी माणसाला कळले तसे सत्तेलाही कळले. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण आले, १८७८ मध्ये शस्त्रबंदीचा कायदा आला. बंदूक एकदा हाती आली की वर्षानुवर्षे चालते, काडतूस एकदाच. म्हणून खरी नाडी काडतुसात असते. १८ एप्रिल १९३० रोजी चितगावच्या क्रांतिकारकांनी शस्त्रागार जिंकले, पण काडतुसे त्यांच्या हाती लागली नाहीत आणि जिंकलेल्या रायफली बहुतांशी मुक्या राहिल्या. हे सत्य राज्यकर्ते विसरले नाहीत, परकीयही नाहीत आणि स्वकीयही नाहीत. पोलिसांच्या आणि सैन्याच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याने 'दारूगोळा' ह्या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही घेतली आहेत, आणि विनापरवाना दारूगोळा बनवायला पाचव्या कलमाने मनाई आहे. २०१९ च्या सुधारणेने त्यासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरवली. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांना पुंगळी रिकामी दिसत नाही. तिच्यात भरता येण्याजोगे जे काही आहे, ते सगळे त्याला आधीच दिसते.

ह्या कडकपणाबद्दल आमच्या भागात तक्रार ऐकू येते आणि ती निव्वळ हट्टाची नसते. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून गवे खाली उतरतात, रानडुकरे एका रात्रीत ऊस आणि भुईमूग उलथून टाकतात. कायद्यातही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ठासणीची बंदूक तरी घरी भरायचीच असते, मग पुंगळीत भरले तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद होतो. त्याला उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा पितळेने दिलेले अधिक पटणारे आहे. ठासणीच्या बंदुकीची मागची बाजू जाड लोखंडाने बंद असते. मागून भरायच्या शस्त्रात नेमबाजाचा चेहरा आणि स्फोट ह्यांच्यामध्ये वायू अडवून धरण्याचे काम ह्या पातळ पितळेकडे असते. ते पितळ कितव्यांदा ताणले गेले, कोणत्या दमट कोपऱ्यात पडून होते, त्याला कशाची धग लागली, हे ठाऊक नसताना त्यात अंदाजाने दारू भरणारा माणूस रानडुकराआधी स्वतःवर नेम धरतो. गावठी पद्धतीने भरलेल्या दारूने हात-डोळे गमावल्याच्या कहाण्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहेत. त्या माणसांत धाडसाची कमतरता नव्हती आणि काटकसरीचीही नव्हती. हातातल्या वस्तूचा इतिहास तेवढा त्यांना माहीत नव्हता.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. विद्यार्थ्यांना आम्ही सांगत असतो, की शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात आणि तरी त्यांच्यात जुने अर्थ साठून राहतात. पण शब्दाचा जुना अर्थ विसरून तो वापरला तर फार तर एखादे वाक्य फसते. पितळेच्या बाबतीत ही सवलत नाही. पुंगळीची सुरक्षितता तिच्या आजच्या रूपावर ठरत नाही, ती तिच्या पूर्वायुष्यावर ठरते. तोंडाची चीर, सैल केप, बुडाचा फुगवटा, तांबूस डाग, बद्द आवाज ह्या त्या पूर्वायुष्याच्या वाचता येण्याजोग्या खुणा. पारा, अमोनिया आणि बुडाला लागलेली धग ह्या न वाचता येणाऱ्या. पहिल्या प्रकारच्या खुणा शोधायला डोळे आणि कान पुरतात. दुसऱ्या प्रकारासाठी नोंद लागते, आणि नोंद नसेल तर शहाणपण एकच, पुंगळी भंगारात द्यावी.

भंगारात दिलेली पुंगळी वाया जात नाही, हे ऊसपट्ट्यातल्या माणसाला पटायला हरकत नाही. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि त्या रसात ठोके, ताण आणि तडे ह्यांची सारी आठवण पुसली जाते. साच्यातून जे बाहेर येते त्याला भूतकाळ नसतो. कारखान्याला पुन्हा पुंगळी घडवायची तर तिथून सुरुवात करता येते, नाही तर नळाची तोटी करता येते. पुनर्वापराचा हाही एक मार्ग आहे. लांबचा आहे, पण त्यात पितळेला काही लपवून ठेवता येत नाही.